साळिंदराची झोप

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी वटवाघळाच्या बाजूने भांडत होते.

म्हणजे आमचं रोजचंच भांडण. वटवाघूळ पक्षी की सस्तन प्राणी, असं मी विचारायचं, अख्ख्या वर्गाने एका सुरात "पक्षी" म्हणायचं, आणि मग मी काचेआड उलट्या लटकलेल्या माद्या दाखवायच्या. पोटाशी पिल्लू, पिल्लाच्या तोंडात दूध. "कावळीण पाजते का पिल्लाला दूध?" असं विचारलं की सगळा वर्ग गप्प. प्राणिसंग्रहालयातली ही नोकरी मी त्या गप्प होण्यासाठीच धरून ठेवली आहे, बाकी तिच्यात धरून ठेवण्यासारखं फारसं काही नाही.

त्या दिवशी त्या शांततेत मागून कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात... पण हसलं.

मी टाचा उंचावून पाहिलं. मुलांच्या मागे, खांबाला टेकून एक माणूस उभा होता. कपाळ झाकेल अशी ओढलेली टोपी आणि गळ्यात मफलर. मफलर घालावा अशी थंडी मुळीच नव्हती. तो शिक्षक नव्हता, कारण शिक्षक अशा वेळी फोनमध्ये बघतात. पालक नव्हता, कारण पालक आपल्या पोराचा फोटो काढतात. हा काचेकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग परत काचेकडे.

"तुम्ही या शाळेबरोबर आहात?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. ती 'हो'ची होती की 'नाही'ची, हे त्यालाच ठाऊक. मी पुढे काही विचारायच्या आत तो बाहेरच्या उन्हात निघून गेला.

मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, जन्मल्यावर मी रडायच्या आधी नर्सकडे रोखून बघितलं होतं. भाजीवाल्याचा तराजू, दाताच्या डॉक्टरांचं 'काही दुखणार नाही', मैत्रिणीचं 'सहज फोन केला गं'... मी सगळं उलटंपालटं करून बघते. एकदा एकाच्या शब्दावर विसंबले होते. तो 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर ताक पिणंच सोडलं.

आणि त्या दिवसांत संशय घ्यायला कारणही होतं. आमच्या संचालक साहेबांनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं, "शाळांच्या फेऱ्यांचा प्राण्यांना त्रास होतो अशी ओरड आहे. काही दिवस कोणीतरी येऊन बघेल. कोण ते विचारू नका. तुम्ही नेहमीसारखं काम करा."

"आणि अहवाल वाईट आला तर?"

"तर फेऱ्या बंद. सस्तन विभागात बोलणाऱ्या पाट्या बसवू. बटण दाबलं की माहिती."

बोलणाऱ्या पाट्या! पाटी वटवाघळाच्या बाजूने भांडेल का? 'अस्वलाला मध का आवडतो' याचं उत्तर देताना पाटीला मध्येच 'मला पण आवडतो' म्हणणाऱ्या पोराकडे वळता येईल का? मी घरी जाऊन आईपुढे तासभर भांडले. आई म्हणाली, "अगं, माझ्याशी काय भांडतेस, मी कुठे पाटी लावतेय?"

तेव्हा हा टोपीवाला म्हणजे तोच, मुख्य कार्यालयाने पाठवलेला, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

तो परत आला. दुसऱ्या दिवशी वेगळी टोपी, तिसऱ्या दिवशी जाड काळा चष्मा. पाणमांजरांच्या तळ्यापाशी मी 'पाण्यात राहूनही हे मासे का नाहीत' सांगत होते आणि तो उंच मुलांच्या मागे वाकून उभा होता, जसा काही कोणाचं देणं चुकवतोय.

"ताई, तो चष्मेवाला रोज तिकीट काढतो का गं?" मी तिकीट खिडकीवरच्या ताईला विचारलं. ताईच्या खिडकीतून गेल्याशिवाय या आवारात मुंगीही शिरत नाही, असं ती स्वतःच सांगते.

"कोण? तो उंच? माझ्या खिडकीवर कधी आलाच नाही."

"मग आत येतो कुठून?"

ताईने पैसे मोजायचे थांबवले. "मागच्या दारानं येत असेल. तिथून चाऱ्याच्या गाड्या येतात आणि आपली माणसं. बाई गं... पाणी कुठंतरी मुरतंय."

"मुख्य कार्यालयाचा आहे."

"किंवा बायकोला चुकवून येतो," ताई म्हणाली. तिचा जगाविषयीचा संशय माझ्याहून साधा आणि घरगुती आहे.

त्याच दुपारी बारीक पाऊस आला. मुलं डबे खायला छपराखाली गेली आणि मी जिराफाच्या कुंपणाशी छत्री उघडून उभी राहिले. जिराफ भिजत रवंथ करत होता. माझ्या शेजारी कोणीतरी येऊन थांबलं.

"साळिंदर काटे फेकून मारतं, हे खरं का?"

टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. मफलर आज नव्हता. आवाज मात्र चांगला होता, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

"काल सांगितलं होतं की मी. काटे फेकत नाही, सहज गळून दुसऱ्याच्या अंगात रुततात. काल तुम्ही खांबामागे होतात."

"म्हणजे तुमचं माझ्याकडे लक्ष होतं."

"तुमच्या टोप्यांकडे होतं. किती आहेत एकूण?"

"उसन्या आहेत बऱ्याचशा." तो हसला. "छत्रीत थोडी जागा आहे का?"

"जिराफालाही नाही दिली मी."

"त्याने मागितली नसेल."

मी छत्री जरा तिरकी केली. तेवढीच, कारण भिजलेला अधिकारी वाईट अहवाल लिहितो, असा माझा हिशोब होता. हिशोब असा होता तर मग छत्रीची दांडी धरताना बोटं का अवघडली, ते मी स्वतःला विचारलं नाही. तो जिराफाविषयी विचारत राहिला आणि मी सांगत राहिले. जिराफाच्या मानेत माणसाच्या मानेइतकीच हाडं असतात हे ऐकून तो म्हणाला, "मग आपणही जरा मान वर करून बघायला हरकत नाही," आणि सरळ माझ्याकडे बघितलं. मी जिराफाकडे बघितलं.

त्यानंतर तो रोज जिराफापाशी भेटू लागला. किंवा चहाच्या टपरीवर. तिथे तो भरभरून बोलायचा, चिडवायचा, माझ्या कपातला चहा निवला की दुसरा आणून ठेवायचा. पण फेरी सुरू झाली की याच्या तोंडाला कुलूप. अस्वलापुढे मुका. पाणमांजरांपुढे मुका. आणि चिंपांझीच्या जाळीपुढे तर असा मुका, की मी खुणेनं 'काय?' विचारलं तरी ओठांवर बोट ठेवून खांबाआड सरकायचा. चिंपांझीची देखभाल करणारे काका एरवी प्रत्येकाशी बोलणारे. तेही याला बघून मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवायचे. म्हणजे काकाही सामील.

"टपरीवर पोपट आणि पिंजऱ्यापुढे मौन, हे काय आहे?" मी एकदा विचारलं.

"तिथे तुमचं ऐकावंसं वाटतं."

हे उत्तर फार गोड होतं, म्हणूनच मला पटलं नाही. अधिकारी लोक बोलत नाहीत, ऐकतात. आणि मनात टिपून घेतात.

मजा अशी की, एवढं सगळं कळत असूनही मी आठवड्यात दोनदा निळा कुर्ता घातला. आईने मागून आरशात डोकावत विचारलं, "आज कोणती शाळा येणार आहे गं, एवढा वेळ लागतोय?" मी म्हटलं, मोठी शाळा आहे. आई म्हणाली, "हं. उंचीने मोठी का?" ताईने घरी फोन केला होता, हे उघड होतं. संशयाची पाळी आता माझ्या स्वतःवर आली होती... अहवाल चांगला यावा म्हणून मी त्याच्याशी गोड बोलत होते, की गोड बोलायला मिळावं म्हणून अहवालाचं निमित्त काढत होते?

आमच्या फेरीचा शेवटचा थांबा म्हणजे साळिंदराची गल्ली. दोन भिंतींमधली अरुंद, अंधारी वाट आणि तिच्या टोकाला काच. काचेआड मातीचं बीळ आणि लाकडी खोकं. आत एक मादी आहे, तिला मी बाईसाहेब म्हणते. साळिंदर रात्रीचा प्राणी, दिवसा झोपणारा. पण मी गल्लीत मुलं घेऊन शिरले, "बाईसाहेब, येता का?" म्हटलं, की खोक्यातून काटे सळसळत आणि बाईसाहेब बाहेर. बाकीचे मार्गदर्शक दिवसा तिथे काही दिसणार नाही म्हणून मुलांना नेतच नसत. मुलं श्वास रोखून बघायची आणि मी म्हणायची, "ती माझा आवाज ओळखते." त्या वाक्याचा मला किती अभिमान होता, ते मलाच माहीत. फेऱ्या वाचवायच्या तर या गल्लीच्या जोरावरच वाचतील, असं मी धरून चालले होते.

एके दिवशी बाईसाहेब बाहेर आल्या, मुलं हरखली आणि मी विजयी चेहऱ्याने मागे बघितलं. तो हसत नव्हता. कपाळाला आठी घालून साळिंदराकडे बघत होता. मग घड्याळाकडे. मग परत साळिंदराकडे.

तेव्हा मी ठरवलं, पुरे झालं. चोराला बोलतं करायचं.

दुसऱ्या दिवशी चिंपांझीच्या जाळीपुढे मुलं गोळा झाली. आतली मादी वयाने मोठी आहे, तिला सगळे आजीबाई म्हणतात. ती गोधडीतले दोरे उपसत शांत बसली होती. मी आवाज चढवला.

"आज आपल्याबरोबर एक पाहुणे आहेत. आजीबाईंबद्दल त्यांना काय वाटतं, ते त्यांनाच विचारू या."

टोपी खांबाआड गेली. मग अर्धी बाहेर आली. त्याने जोरजोरात मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले.

"बोला ना काका, बोला ना," मुलं म्हणाली.

"एकच वाक्य," मी म्हणाले. "की बोलायची बंदी आहे वरून?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी होती, आणि मला सांगायला वाईट वाटतं, पण ती त्याला शोभत होती. त्याने घसा साफ केला.

"मला..." अगदी हलक्या आवाजात, माझ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मला त्या फार आवडतात."

आजीबाईंचे हात थांबले. त्यांनी मान वळवली नाही. सावकाश उठल्या, पाण्याच्या कुंडापाशी गेल्या, वाकून तोंडभर पाणी घेतलं आणि गाल जेमतेम फुगवून, जगातली सगळ्यात निरागस म्हातारी असल्यासारख्या जाळीपाशी येऊन बसल्या. मला वाटलं, मुलांना बघायला आल्या. तेवढ्यात पिचकारी उडाली. टोपी, चष्मा, शर्ट आणि त्याच्या शेजारी उभी असलेली मी, सगळे चिंब. मग आजीबाईंनी अंगावरचे केस फुलवून लोखंडी दार असं बडवलं की पलीकडे अस्वलही उठून बसलं.

काका धावत आले. "डॉक्टर, तरी बजावलं होतं तुम्हाला, इथं तोंड उघडू नका म्हणून. दाढ काढल्यापासून तुमचा आवाज ऐकला की ती कुणाची नसते."

"डॉक्टर?" मी म्हणाले.

एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, टोपीवाल्या काकांना आजीबाई आवडतात, पण आजीबाईंना ते नाही आवडत."

मुलांना त्यांच्या शिक्षिकेच्या हवाली करून मी त्याला मागच्या नळापाशी गाठलं. तो टोपी पिळत होता. टोपीशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"नवे डॉक्टर तुम्ही?" जुने निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणीतरी आलं आहे, एवढं मी ऐकलं होतं. पण प्राण्यांचा दवाखाना भिंतीपलीकडे, आणि तिथे आम्हा शिकवणाऱ्या मंडळींना प्रवेश नाही.

"मीच तो. इंजेक्शन देणारा, दाढ काढणारा, लांबून सुई मारणारा... सगळे मीच. अस्वल मला बघितलं की गुहेत शिरतं. पाणमांजरं शिट्ट्या मारून एकमेकांना सावध करतात. प्राणी एरवी कसे वागतात ते मला बघायचं असेल, तर मी तिथे असून चालत नाही." तो ओशाळून हसला. "म्हणून वेष पालटून मुलांच्या मागे लपायचो. वटवाघळांना आणि जिराफाला माझा हात अजून लागलेला नाही, म्हणून तिथे मोकळा होतो."

मला इतकं हसू आलं की मी नळाच्या कट्ट्याला धरून राहिले. एवढे दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला. "आणि मी काय काय समजत होते... म्हणजे तो अहवाल लिहिणारा माणूस तुम्ही नाही."

त्याचं हसू थांबलं. टोपी पिळून कोरडी झाली होती, तरी तो ती पिळत राहिला.

"मुख्य कार्यालयाचा मी नाही," तो म्हणाला. "पण अहवाल... मीच देणार आहे."

नळाचं पाणी तसंच वाहत होतं. मी ते बंद केलं.

"म्हणजे जिराफापाशी माझी तपासणी चालली होती."

"तपासणी प्राण्यांची होती."

"आणि माझं काय चाललं होतं?"

"ते..." तो अडखळला. "अहवाल देईपर्यंत मला सांगता येणार नाही. आज सांगितलं, तर तुम्हाला वाटेल मी तुम्हाला गुंडाळतोय. आणि उद्या अहवाल लिहिताना मला वाटेल, मी तुमच्यासाठी तो गोड करतोय."

उत्तर समंजस होतं. समंजस उत्तरांनी मी जास्तच बिथरते. "ठीक आहे, डॉक्टर," एवढंच म्हणाले आणि ओल्या कुर्त्यानिशी निघाले. त्यानंतर जिराफापाशी गेले नाही. टपरीवर चहा घेतला नाही. तोही समोर आला नाही. 'बघ, काम झालं, सटकला,' असं मी रोज मनाला सांगत होते आणि तरीही येता-जाता टपरीकडे मान वळवत होते. मला तो हवा होता. हे एवढं साधं होतं आणि एवढं वाईट.

अहवाल आला. संचालक साहेबांनी बोलावलं.

"फेऱ्या चालू राहतील," ते म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. "गट लहान करा. चिंपांझीपासून थोडं लांब उभं राहा. आणि साळिंदराची गल्ली बंद."

"काय?"

"साळिंदराची गल्ली बंद. आजपासून."

मी तडक दवाखान्याच्या फाटकाशी गेले. नियम गेला खड्ड्यात. तो बाहेर आला तेव्हा मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "बाकी सगळं सोडून नेमकी माझी गल्ली? मी हाक मारली की ती बाहेर येते, हे तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितलंय."

"बघितलंय," तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "तुम्ही बोलावता म्हणून ती येत नाही. अरुंद गल्लीत एवढी पावलं घुमतात, तिला झोप लागत नाही, म्हणून येते. मग रात्री खायच्या वेळी झोपते. तिचं वजन उतरतंय. सुट्टीच्या दिवशी येऊन बघा."

"बघीनच," मी म्हणाले.

आणि बघितलं. आमच्या साप्ताहिक सुट्टीला, आवार रिकामं असताना, मी एकटी गल्लीत जाऊन काचेपाशी जमिनीवर बसले. खोक्याच्या तोंडाशी काट्यांची टोकं दिसत होती. श्वासाबरोबर वर होत होती, खाली होत होती. बऱ्याच वेळाने मी हळूच म्हटलं, "बाईसाहेब, येता का?" काही नाही. आणखी एकदा म्हटलं. काटे वर झाले, खाली झाले. ती गाढ झोपली होती, आणि अशी झोपलेली मी तिला कधी बघितलीच नव्हती. मला रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून ओढणी तोंडावर धरली.

गल्लीच्या तोंडाशी तो उभा होता. बूट काढून हातात घेतले होते. हळूच येऊन माझ्यापासून जरा लांब बसला.

"झाली खात्री?" तो कुजबुजला.

"झाली." मी डोळे पुसले. "मी मुलांना सांगत होते, ती माझा आवाज ओळखते."

"ओळखतही असेल. पण भरदुपारी झोपमोड केली, तर माणूस ओळखीचा असला म्हणून काय झालं?"

मला हसू आलं आणि ते दाबताना जास्तच आलं. "हे तुम्ही लिहिलं नसतं, तर मला कळलंही नसतं."

"तिचं वजन मी करतो. पुढच्या वेळी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघितलं असतं? ...ही ओळ लिहायला मला फार वेळ लागला. तुमचा चेहरा कसा होईल, ते माहीत होतं."

मी ओढणी नीट केली. मग मी म्हणाले, "अहवाल तर देऊन झाला. आता सांगा, जिराफापाशी काय चाललं होतं."

तो इतका हळू बोलला की मला त्याच्याकडे सरकावं लागलं. "जिराफाची पाहणी मला तीनदा करावी लागली. पहिल्या दोन वेळी तुम्ही होतात, त्यामुळे जिराफ दिसलाच नाही." त्याने हातातले बूट बाजूला ठेवले. "तुम्ही मला आवडता. फार. उत्तर आज नको... तुम्ही आधी तपासून घ्याल, हे मला माहीत आहे."

"तपासायला वेळ लागतो माझ्याकडे," मी म्हणाले.

"लागू दे," तो म्हणाला, आणि बूट हातात घेऊन तसाच अनवाणी निघून गेला.

आठवडा गेला. मी खरंच तपासत होते. त्याचं एकेक वाक्य काढून, उलटंपालटं करून बघत होते आणि कुठे शिवण उसवतेय का ते शोधत होते. काकांना विचारलं, ताईला विचारायला लावलं. ताई परत येऊन जरा हिरमुसून म्हणाली, "बायको नाही गं त्याला."

मग एका दुपारी लहान मुलांचा गट होता. साळिंदराच्या गल्लीपुढे आता दोर बांधलेला. मी मुलांना बाहेरच थांबवून सांगितलं, "आत साळिंदराची एक मादी आहे. रात्री जागते, दिवसा झोपते. आत्ता ती झोपली आहे, म्हणून आपण आत जाणार नाही."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे बारीक केले. "मॅडम, दिसत तर नाहीये. मग ती आत आहे आणि झोपलीये, हे कशावरून?"

प्रश्न अगदी माझ्या वळणाचा होता. हा प्रश्न मी आयुष्यभर सगळ्यांना विचारत आले. मी तोंड उघडलं आणि तपासून बघायच्या आत उत्तर बाहेर पडलं.

"तिचे डॉक्टर आहेत, त्यांनी सांगितलंय. आणि ते खोटं बोलत नाहीत."

मुलीने क्षणभर विचार केला. "बरं," म्हणाली आणि आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत पुढे गेली. तिच्यामागे सगळी मुलं चवड्यांवर गेली. मी दोराशी उभी राहिले. आज सकाळपासून मी काचेत डोकावलेही नव्हते. ती आत झोपली आहे हे मला त्याच्या शब्दावर ठाऊक होतं, आणि तेवढं मला पुरलं होतं.

मुलांची बस सुटताच मी दवाखान्याच्या फाटकाशी गेले. तो हातमोजे घालून बाहेर आला.

"तपासून झालं," मी म्हणाले. धाप लागली होती, पण आता थांबले असते तर परत तपासत बसले असते. "मला तुम्ही आवडता. मलाही... फार."

त्याचा चेहरा उजळला. मग त्याने डोळे बारीक केले, मान जराशी कलती केली आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"खरंच?" तो म्हणाला. "की गल्ली उघडून हवी आहे?"

"अहवालातलं एक अक्षर बदलाल तर खबरदार," मी म्हणाले. "बदललंत तर जन्मात तुमच्याशी बोलायची नाही."

तो मोठ्याने हसला. भिंतीपलीकडे कुठेतरी पाणमांजरांनी शिट्ट्या मारून एकमेकांना सावध केलं.

"मग बसला माझा विश्वास," तो म्हणाला, आणि हातमोजा काढून त्याने हात पुढे केला.